आज आशाताई घरपोच देते ती माहिती दिली म्हणून र. धों. कर्वेंची प्राध्यापकी गेली होती

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या गावात आशाताईची पिशवी उघडून बघितली तर त्यात काय काय सापडतं? निरोधची पाकिटं, माला-एनच्या गोळ्या, छाया नावाची आठवड्याला घ्यायची गोळी, दिवस गेलेत का ते तपासायचं किट. कॉपर-टी बसवायची असेल किंवा तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन हवं असेल, तर ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. या सगळ्यामागे सरकारची योजना आहे, बजेट आहे, भिंतीवर पोस्टर आहे.

शंभर वर्षांपूर्वी चित्र नेमकं उलटं होतं. मूल कधी होऊ द्यायचं हे बाईला ठरवता येतं आणि त्यासाठी साधनं आहेत, एवढं मराठीत लिहिलं म्हणून एका गणिताच्या प्राध्यापकाला नोकरी सोडावी लागली. पुढे अश्लीलतेच्या खटल्यांत दोनदा दंड झाला. लोकांनी टिंगल केली, तरी त्याने मरेपर्यंत आपलं मासिक बंद केलं नाही.

त्यांचं नाव रघुनाथ धोंडो कर्वे. वडिलांना सगळा महाराष्ट्र महर्षी म्हणतो, मुलाचं नाव मात्र बऱ्याच जणांना सिनेमा नाहीतर नाटकामुळे कळतं.

ही गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे मराठवाड्यातल्या अल्पवयीन आया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न १८ वर्षं पूर्ण होण्याआधी झालं होतं. जालना हा या सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. लवकर लग्न म्हणजे लवकर पहिलं बाळंतपण, आणि बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षात दुसरं. कर्वेंचं स्वतःचं घरही या गोष्टीतून सुटलं नव्हतं.

आई गेली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता

कर्वे कुटुंब मूळचं दापोलीजवळच्या मुरूडचं. धोंडो केशव कर्वे यांचं लग्न झालं तेव्हा ते १४-१५ वर्षांचे होते आणि राधाबाई आठ-नऊ वर्षांच्या. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. १४ जानेवारी १८८२ रोजी रघुनाथचा जन्म झाला. १८९१ मध्ये राधाबाई बाळंतपणात गेल्या. त्यांचं वय होतं साधारण २७, आणि मुलगा नऊ वर्षांचा.

त्याच १८९१ मध्ये देशात संमतिवयाचा कायदा झाला. बंगालमध्ये फुलमणी दासी ही अल्पवयीन मुलगी नवऱ्याने केलेल्या जबरदस्तीमुळे मरण पावली होती. त्यानंतर सरकारने शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचं किमान वय १० वरून १२ केलं. फक्त १२! त्यावरही पुण्यात रान पेटलं आणि कायद्याला विरोध करणाऱ्यांत टिळकही होते. घरातल्या खोलीत काय चालतं यात सरकारने पडायचं नाही, असा तेव्हाचा बहुतेकांचा सूर होता.

वडिलांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. पुढे त्या आनंदीबाई उर्फ बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. या लग्नासाठी गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. वडिलांनी त्यानंतर विधवांसाठी आश्रम काढला, हिंगण्याला शाळा उभी केली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं.

म्हणजे समाजाच्या विरोधात जाणं हे रघुनाथने घरातच पाहिलं होतं. फरक एवढाच की वडिलांनी बाईच्या शिक्षणाचा आणि पुनर्विवाहाचा प्रश्न हातात घेतला, तर मुलगा त्याच्याही पुढे, तिच्या शरीरापर्यंत गेला.

गणिताचा प्राध्यापक या भानगडीत पडला कसा?

रघुनाथ अभ्यासात हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. १९१९ मध्ये तो गणिताच्याच पुढच्या शिक्षणासाठी पॅरिसला गेला.

युरोप-अमेरिकेत तेव्हा संततिनियमनावरून मोठा वाद सुरू होता. मार्गारेट सँगर या नर्सने १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये केंद्र उघडलं होतं. पोलिसांनी ते काही दिवसांतच बंद पाडलं आणि सँगरना तुरुंगात जावं लागलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी मार्च १९२१ मध्ये केंद्र सुरू केलं.

त्याच १९२१ मध्ये कर्वेंनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. भारतातलं हे पहिलं केंद्र मानलं जातं. म्हणजे ज्या वर्षी लंडनला असं केंद्र मिळालं त्याच वर्षी मुंबईलाही मिळालं. फक्त मुंबईचं केंद्र चालवणारा माणूस डॉक्टर नव्हता, श्रीमंत नव्हता आणि त्याच्या पाठीशी कोणतीही संस्था नव्हती. सोबत होत्या त्या पत्नी मालतीबाई.

तेव्हाची साधनं आजच्या मानाने साधी होती. पुरुषांसाठी निरोध, स्त्रियांसाठी रबरी टोपी, स्पंज, शुक्रजंतू मारणारी औषधं. गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला अजून जवळपास ४० वर्षं होती. तरी जी साधनं होती ती कशी वापरायची, हे मराठीत नीट सांगणारं कुणी नव्हतं. १९२३ मध्ये कर्वेंनी संततिनियमनावर पुस्तक लिहून ती कमतरता भरून काढली.

नोकरी की विचार?

तेव्हा कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं. आपला प्राध्यापक संततिनियमनाचा जाहीर प्रचार करतो, हे व्यवस्थापनाला चालण्यासारखं नव्हतं. नोकरी करायची तर हा प्रचार सोडावा लागणार होता. १९२५ मध्ये कर्वेंनी प्राध्यापकी सोडली.

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने पक्क्या पगाराची नोकरी सोडायची, आणि तीही अशा कामासाठी ज्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही. पुढचं सगळं आयुष्य ओढाताणीत गेलं. कर्वे आणि मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता. लोकांना सांगायचं एक आणि घरात करायचं दुसरं, असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

समाजस्वास्थ्य: जिथे प्रश्न विचारायला लाज नव्हती

१५ जुलै १९२७ रोजी कर्वेंनी समाजस्वास्थ्य हे मासिक सुरू केलं. संततिनियमन, लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, विवाह, बुद्धिवाद असे विषय त्यात असत. मुखपृष्ठावर बऱ्याचदा विवस्त्र स्त्रीचं चित्र असायचं. शरीर म्हणजे लपवायची घाण वस्तू आहे हेच त्यांना मान्य नव्हतं.

मासिकातला महत्त्वाचा भाग होता वाचकांच्या प्रश्नांचा. लोक पत्रं लिहून शंका विचारायचे आणि कर्वे उत्तरं द्यायचे. जे प्रश्न आई-वडिलांना विचारता येत नाहीत, डॉक्टरसमोर तोंडातून फुटत नाहीत, ते तिथे छापून यायचे. उत्तर देताना कर्वे उपदेश करत नसत, शास्त्र काय सांगतं ते सरळ सांगत.

त्यांचं म्हणणं तेव्हाच्या मानाने फार पुढचं होतं. लैंगिक सुख हा पुरुषाइतकाच स्त्रीचाही हक्क आहे, हे त्यांनी उघडपणे मांडलं. गर्भनिरोधन हवं ते फक्त देशाची लोकसंख्या वाढते म्हणून, असं त्यांचं मत नव्हतं. वारंवारच्या बाळंतपणांनी बाई खचते, तिच्या आयुष्यावर तिचा ताबा राहत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

तेव्हा आजचा जालना जिल्हा ब्रिटिश हद्दीत नव्हता. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९२९ चा सारडा कायदा, ज्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ केलं, तो ब्रिटिश भारतापुरता होता. मुंबईत मुलींच्या लग्नाच्या वयावर कायदा झाला तेव्हा जालन्याच्या मुली त्या कायद्याच्या कक्षेतही नव्हत्या. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी.

कोर्टात कर्वेंच्या बाजूने उभे राहिले बाबासाहेब

मासिक निघालं तसे शत्रूही वाढले. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखावरून कर्वेंवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड झाला.

दुसरा खटला १९३४ चा. या वेळी निमित्त होतं वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचं. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयी लोकांनी विचारलं होतं आणि कर्वेंनी उत्तर दिलं होतं. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

१९३४ मध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे देशभर माहीत झालेले नेते होते. असा खटला अंगावर घेऊन त्यांना राजकीय फायदा काहीच नव्हता, झालं तर नुकसानच. तरी ते उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते आपोआप अश्लील ठरत नाही, आणि लोक अज्ञानातून प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञानाने उत्तर द्यायला हवं, अशी त्यांची मांडणी होती. कोर्टाला ती पटली नाही. कर्वे हरले आणि २०० रुपये दंड झाला.

पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आणला. पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी तो मांडला. वारंवारच्या गरोदरपणाने बाईचं आरोग्य कसं ढासळतं, हा त्यातला महत्त्वाचा मुद्दा होता. प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

समोर महात्मा गांधी होते

विरोध फक्त सनातन्यांचा असता तर लढाई सोपी होती. पण गांधीजींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता. मुलं कमी हवीत हे त्यांनाही मान्य होतं, मात्र त्यासाठी संयम पाळावा, ब्रह्मचर्य पाळावं असं ते म्हणत. १९३५ च्या डिसेंबरमध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, दोघांमध्ये लांबलचक चर्चा झाली, पण गांधीजींचं मत बदललं नाही.

कर्वेंनी या ब्रह्मचर्याच्या सल्ल्यावर सडकून टीका केली. ज्या घरात बाईला नाही म्हणायची सोयच नाही, तिथे संयमाचा उपदेश तिच्या काय कामाचा? १६ वर्षांच्या सुनेच्या बाबतीत हा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

कर्वेंचा स्वभाव तडजोडीचा नव्हता. मोठ्या माणसांवरही ते धारदार लिहीत आणि त्यामुळे माणसं तुटत. संघटना त्यांनी बांधली नाही. मासिक जवळपास एकहाती चालवलं, तेही २६ वर्षांहून जास्त काळ.

सरकारने विषय उचलला, पण मुद्दा बदलला

१९४९ मध्ये मुंबईत धन्वंती रामा राव यांच्या पुढाकाराने फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया सुरू झाली. १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय पातळीवर कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. असा कार्यक्रम राबवणारा भारत जगातला पहिला देश ठरला. ज्या विषयासाठी कर्वेंना दंड झाला होता तो विषय आता सरकारी धोरण झाला होता.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वेंचं निधन झालं. नोव्हेंबरमध्ये समाजस्वास्थ्यचा शेवटचा अंक निघाला. पाच वर्षांनी, १९५८ मध्ये वडिलांना वयाच्या शंभरीत भारतरत्न मिळालं.

त्यांचं काम पुढे नेणाऱ्यांत शकुंतला परांजपे होत्या. रँग्लर परांजपेंची ही मुलगी. कुंकू या चित्रपटात त्यांनी काम केलं होतं, म्हातारा नवरा आणि तरुण बायको यांच्या जरठ-कुमारी विवाहावरचा हा चित्रपट. शकुंतलाबाईंनी अनेक वर्षं कुटुंबनियोजनाचा प्रचार केला, पुढे त्या विधान परिषदेत आणि राज्यसभेत गेल्या. १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण सरकारी कार्यक्रमात एक गोष्ट बदलली. कर्वेंसाठी मध्यभागी बाई होती, सरकारसाठी लोकसंख्येचा आकडा आला. त्यामुळे भर राहिला ऑपरेशनवर. आजही महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आहे आणि पुरुष नसबंदीचं प्रमाण एक टक्काही नाही. गावाकडे कुटुंबनियोजन म्हणजे दोन-तीन मुलं झाल्यावर बाईचं ऑपरेशन, असाच अर्थ घेतला जातो.

यात १७ वर्षांची आई कुठेच बसत नाही. तिला कायमचं ऑपरेशन नकोय, तिला हवाय वेळ. पहिल्या बाळंतपणातून सावरायला, बाळाला अंगावर पाजायला, जमलं तर शाळा पूर्ण करायला.

मग जालन्यातल्या अल्पवयीन आईसाठी आज काय उपलब्ध आहे?

एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस किमान दोन वर्षं तरी राहू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी सरकारी दवाखान्यात मिळणारे पर्याय असे आहेत:

- निरोध: बाळंतपणानंतर संबंध सुरू झाल्यापासून वापरता येतो. गुप्तरोगांपासूनही बचाव होतो.
- कॉपर-टी: बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. प्रकारानुसार ५ किंवा १० वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते.
- छाया गोळी: यात हार्मोन नसतात, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा.
- अंतरा इंजेक्शन: दर तीन महिन्यांनी. अंगावर पाजत असेल तर बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सुरू करतात. पाळी अनियमित होऊ शकते किंवा थांबू शकते, हे आधीच सांगायला हवं. नाहीतर बाई घाबरून पुढचा डोस घेत नाही.
- माला-एन: रोज घ्यायची गोळी. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नये.
- तातडीची गोळी: असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत. ही नेहमी वापरायची गोळी नाही.

कुणाला काय चालेल हे वय, रक्तातलं हिमोग्लोबिन आणि आजार बघून डॉक्टर किंवा नर्सताई सांगतात. १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे आणि त्यातली सल्ला केंद्रं महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक या नावाने चालतात.

साधनं आहेत, मग अडतंय कुठे?

पहिली अडचण भीतीची. मुलगी १८ च्या आतली असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे गरोदरपणाची माहिती पोलिसांना द्यावी लागते. कायदा मुलीच्या संरक्षणासाठी आहे. पण नवऱ्यावर, सासू-सासऱ्यांवर केस होईल या धाकाने घरचे तिला दवाखान्यातच नेत नाहीत किंवा वय वाढवून सांगतात. खरं तर गर्भनिरोधकाची माहिती विचारणं हा गुन्हा नाही, पण हे तिला सांगणार कोण?

दुसरी अडचण ऊसतोडीची. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून लग्न लवकर उरकण्याकडे कल असतो. वयात आलेली मुलगी मागे एकटी कशी ठेवायची, ही काळजी असतेच. गावातली आशाताई ओळखीची, पण फडावर ती नसते. तीन महिन्यांचा डोस हुकतो आणि दिवस जातात. अंतराचं कार्ड सोबत नेलं तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात ते दाखवून पुढचा डोस घेता येतो, हे निघण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे.

तिसरी अडचण निर्णयाची. नवीन सुनेने काय घ्यायचं हे सासू आणि नवरा ठरवतात. लग्नानंतर वर्षभरात पाळणा हलला नाही तर कुजबुज सुरू होते. म्हणून एकट्या मुलीला माहिती देऊन भागत नाही, नवऱ्याशी आणि सासूशीही बोलावं लागतं. अंबड तालुक्याला लागून असलेल्या पाचोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने विवाहित किशोरींच्या आरोग्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. घरोघरी जाऊन पहिलं बाळंतपण पुढे ढकलण्याबद्दल बोलणं, हा त्या कामाचा भाग राहिला आहे.

बालविवाह रोखणं हे पहिलं काम आहेच आणि त्यासाठी १०९८ या नंबरवर कळवता येतं. पण जिचं लग्न होऊन गेलंय, जिच्या मांडीवर मूल आहे, तिला कायदा मोडला गेला एवढंच सांगून उपयोग नाही. पुढचं बाळंतपण कधी, हे ठरवायची माहिती तिच्या हातात पडायला हवी.

कर्वेंनी लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला न लाजता, न रागावता खरं उत्तर दिलं, आणि त्याची किंमत नोकरी आणि ३०० रुपये दंड अशी मोजली. आज उत्तर देणाऱ्याला दंड होत नाही, उलट आशाताईला त्याचा मोबदला मिळतो. आता गरज आहे ती १७ वर्षांच्या आईला घाबरल्याशिवाय प्रश्न विचारता येईल, अशा घराची आणि अशा दवाखान्याची.